धूळ मोजणाऱ्या यंत्राचं कव्हर

माझी नोकरी धूळ गोळा करण्याची. बायको म्हणते, मग घरातली कर की आधी! लालबागच्या एका जुन्या चाळीच्या गच्चीवर आमच्या सरकारी खात्याचं यंत्र होतं. ते चोवीस तास हवा ओढून घेई आणि तिच्यातली धूळ आतल्या पांढऱ्या कागदावर अडकवी. आठवड्यातून दोनदा मी कोरा कागद लावायचा, दुसऱ्या दिवशी काढून प्रयोगशाळेत वजनाला न्यायचा. त्या वजनांवरून खात्याचा अहवाल बने. बांधकामांना जाळ्या, पाण्याचे फवारे, ट्रकवर ताडपत्री अशी सक्ती कोणत्या भागात करायची, त्याची यादी वरचे लोक अहवाल पाहून ठरवत.

मला ती गच्ची फार आवडायची. सकाळी समोरचे टॉवर धुरक्यात अर्धेच दिसत, वरचे मजले नुसते तरंगत असल्यासारखे. शिवडीकडून वारा यायचा, त्यात कुठंतरी मिरच्या भाजल्याचा ठसका. मी यंत्राशेजारी उगाच रेंगाळायचो, किती वेळ ते मलाही कळायचं नाही. साहेबांनी याला कामचुकारपणा म्हटलं असतं, पण साहेबांनी गच्ची कधी पाहिलीच नव्हती.

गच्चीखालच्या खोलीत एक म्हातारं मालवणी जोडपं राहायचं. काका गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत होते. आता समोर त्याच जागेवर टॉवर चढू लागल्यापासून त्यांचा खोकला थांबत नव्हता. काकी मला चहा देताना दर वेळी विचारायच्या, "आमच्या गल्लीचां नाव येतलां मा यादीत?"

"येईल की," मी म्हणायचो. समोर ढीगभर माती उपसलेली, नाव न येऊन जातंय कुठं!

पण कागद पांढरेच निघत. महिनोन्‌महिने. समुद्राचा वारा या गल्लीवर मेहेरबान असावा, असं मला खरंच वाटू लागलं होतं. स्वप्नाळू माणसाला मोजणीला बसवलं की असं होतं.

एकदा सकाळी कागद लावून निघालो आणि पिशवी गच्चीवरच विसरलो. दुपारी परत गेलो, तर यंत्राला झगा घातलेला! जुन्या सुती लुगड्याचं कव्हर, खाली झालर, वर नाडीने घट्ट बांधलेलं. घरोघरी टीव्हीला आणि मिक्सरला असतं तसंच. आत यंत्र बिचारं घरघरत होतं.

काकी मागोमाग वर आल्या. "सरकारची वस्तू ती. धूळ बसान खराब झाली आसती, म्हणान शिवलंय. तुमी येतास तेव्हा काढून ठेवतंय." मी शाबासकी देईन म्हणून त्या वाट पाहत होत्या.

मला आधी हसू फुटलं, मग स्वतःचा भयंकर राग आला. इतके महिने मी इथं ढग बघत उभा होतो. कव्हर का नको ते मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी नाडी सोडली.

खात्याला सगळं खरं लिहून कळवलं. आधीची सगळी वजनं रद्द झाली आणि पुरेशी माहिती नाही म्हणून गल्ली त्या वर्षीच्या यादीतून गळली. हेही मीच जाऊन काकींना सांगितलं. त्या दिवशीही त्यांनी चहा दिला.

मधल्या काळात खात्यानं यंत्र तपासणीसाठी बंद ठेवलं होतं; ते आदल्या दिवशीच पुन्हा सुरू झालं होतं, म्हणून त्याच खेपेला बिनकव्हरचा पहिला कागद काढायचा होता. तव्याच्या बुडासारखा काळा निघाला. काकींनी माझ्यामागून गच्चीवर येऊन, चष्मा लावून, वाकून पाहिला.

"ह्यां सगळां एका दिसाचां?"

"हो."

खाली काकांना खोकल्याची उबळ आली.

"मगे ह्येंच्या छातीत किती आसतलां?" काकींनी विचारलं.

"पुढच्या वर्षी नाव नक्की येईल, काकी," मी म्हणालो. पण त्या काकांना पाणी द्यायला केव्हाच जिना उतरू लागल्या होत्या.