गोळी उसनी मिळणार नाही

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला इथे अमेरिकेत डेव्हन ॲव्हेन्यूवरचं एक औषधाचं दुकान मीच चालवत होतो! म्हणजे शटर मी उघडायचो आणि स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची टर उडवायचो. बाकी सगळं शैला करायची. ती नागपूरची, फार्मसिस्ट, दुकानाची मालकीण. मी सातवी नापास, ऑपरेशन झालेला गुडघा सांभाळत मुलाकडे राहणारा म्हातारा. अशा काउंटरवर किस्से साठतात, फडताळातल्या रिकाम्या बरण्यांसारखे. टाकवत नाहीत!

आधी इथला कायदा सांगतो, नाहीतर मजा जाईल. दुखण्याच्या कडक गोळ्या एका डॉक्टरकडून घ्यायच्या आणि ते लपवून दुसऱ्याकडूनही घ्यायच्या, हा गुन्हा. थेट जेल! फार्मसिस्टने डोळेझाक केली, तर तिचं लायसन्स गेलं.

*

एकदा एक टायवाला साहेब अशाच कडक गोळ्यांसाठी डेंटिस्टची चिठ्ठी घेऊन आला. शैलाने गोड आवाजात विचारलं, "कुठला दात?" त्याने उजवा गाल धरला. त्याने तिथूनही गोळ्या नेल्यात का, ते विचारायला तिने आजूबाजूच्या दुकानांना फोन लावले, मधेच थंडीबद्दल बोलली, परत विचारलं, "अजून दुखतोय?"

साहेबाने डावा गाल धरला!

रिकाम्या हाताने तो गेल्यावर म्हणाली, "काका, इतका चालणारा दात मी पहिल्यांदा पाहिला."

*

मला वाटलं, हिला फसवून बघू. मागच्या खोलीतून सेलफोन लावला, नाकातून इंग्रजी काढलं, "मिस्टर डॉक्टर जॉन स्पीकिंग! गिव्ह काका सिक्स्टी टॅबलेट!"

"येस डॉक्टर. येताना तिथला लाइट बंद करा आणि कापसाचा खोका घेऊन या."

हसून हसून माझी पुरेवाट! ती मात्र हसली नाही. "लायसन्सची मस्करी नको, काका." दिवसभर चहाला विचारलं नाही!

*

आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक मालतीकाकूंनी नवऱ्याच्या ऑपरेशनच्या उरलेल्या गोळ्या, चिवड्याच्या डब्यात पुडी करून, शेजारणीला पाठवायचा घाट घातला. दुकानात येऊन वर शैलालाच विचारतात, "दिवसाला किती घे म्हणून सांगू?"

शैलाने कपाळावर हात मारला. "काकू, चिवडा द्या. गोळी उसनी देत नाहीत, गुन्हा आहे!"

"अगं, एक्सपायरी व्हायच्या आत कुणाच्या तरी पोटात जाऊ दे की!"

*

मग माझी पाळी. डॉक्टरने गुडघ्याच्या कडक गोळ्यांची शेवटची बाटली दिली, म्हणाला पुढे व्यायाम करा. व्यायाम! गुडघा ठणकायचा. खरं सांगू? ठणकत नसला तरी गोळी आठवायची. दोन बस बदलून दुसरा डॉक्टर गाठला. फॉर्मवर 'चालू औषधं' विचारलं होतं, तिथे ठोकून दिलं, काही नाही. आणि चिठ्ठी घेऊन गेलो कुठे? शैलाकडेच! घरचं दुकान असताना परक्याकडे कोण जातो?

तिने वाचली. माझ्यादेखत दोन्ही डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं.

"अगं, फॉर्म इंग्रजीत होता. मी सातवी नापास..."

"आणि बसच्या पाट्या मराठीत होत्या?"

चिठ्ठी रद्द. पहिल्या डॉक्टरशी बोलून तिनेच गोळ्या हळूहळू कमी करवल्या. रोजची गोळी तिच्या हातून, तिच्या डोळ्यांदेखत. दीड महिन्याने सुटली. बाई खमकी!

शेवटच्या दिवशी मी डिवचलं, "काय गं, ऐकलं नसतं तर मला खरंच पोलिसात दिलं असतंस?"

ट्रेमधल्या गोळ्यांवरून नजर न काढता ती म्हणाली, "दिलं असतं. आणि दर शनिवारी जेलमध्ये डबा घेऊन आले असते. नुसत्या चिवड्याचा."