किल्ल्यातलं बिऱ्हाड

दोन हजार पाच साली मी अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला लेकीकडे राहिले, तेव्हा तिथली माझी एकुलती एक मैत्रीण किल्ल्यात राहायची. हसू नका, खरा किल्ला! इंग्लंडातला, कित्येक शतकं जुना. छप्पर कोसळलेलं, आत मेंढ्या चरायच्या म्हणे. तिच्या सासऱ्यांचा त्यावर जीव जडला. मग काय, दगडादगडावर नंबर घातले, पेंढ्यात गुंडाळून जहाजाने अमेरिकेत आणले, पुन्हा रचले आणि आत बिऱ्हाड केलं. वाटेत काही नंबर पुसले गेले, म्हणून एक खिडकी उलटी बसली. ती बाई मोठ्या कौतुकाने दाखवायची. बाण सोडायच्या फटींत ती टोमॅटो पिकायला ठेवायची. थंडीत आम्ही दोघी स्वयंपाकघरातच बसायचो, बाकीचा किल्ला काही केल्या तापत नसे. तिचं इंग्रजी मला अर्धंच कळायचं, पण आमचं अडलं नाही.

नवरा गेल्यावरही ती तिथेच राहिली. पुढे गुडघे गेले, आणि जिने तर किल्ल्याचे! मुलाने आपल्याकडे मिनेसोटाला न्यायचं ठरवलं. ती हो म्हणाली खरी, पण निघायच्या दिवशी गाडी दारात उभी आणि ही उंबरठ्यावरून हलेना. मुलगा समजावून समजावून थकला.

मी वाटीत दही नेलं होतं. लेक वाटेतच कुरकुरली होती, “आई, प्लीज, तिला ऑकवर्ड होईल.”

मी बाईच्या तळहातावर चमचाभर दही घातलं. तिने ते दोन्ही हातांना छान चोळलं. “थँक्यू हनी, फार कोरडे पडतात गं माझे हात.”

लेक पोट धरून हसली. “खायचं असतं ते! निघालेलं माणूस परत यावं म्हणून देतात.”

बाई हसता हसता थांबली. “मी कुठली परत येतेय आता.”

“ते तू नको ठरवूस,” मी सरळ मराठीत म्हटलं. “दही घालणं आपलं काम.” लेकीने तिला ते सांगितलं.

तिने पुन्हा हात पुढे केला. अर्धं दही चाटलं आणि तळवा चौकटीच्या दगडावर दाबून धरला. “हा दगड इंग्लंडातून निघाला तेव्हा याला कुणी दिलं नसेल,” म्हणाली.

मग तोच हात तिने मुलाच्या हातात दिला.

“मॉम, चिकट आहे!”

“असू दे. धर नीट, पायरी उंच आहे.”