दोषाचा रकाना

मॅच बघताना माणसं शेंगदाणे खातात, चहा पितात, फार तर शिव्या देतात. आमचे हे मात्र पट्टी, पेन्सिल आणि पॅड घेऊन बसायचे. साडेतीनची मॅच असली की सव्वातीनला चष्मा पुसून तयार. मी म्हणायचे, "अहो, लेक खेळतेय आपली, टर्बाइन नाही." पण ऐकतील तर शपथ. चौतीस वर्षं कारखान्यात यांनी एकच काम केलं, दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंमधले दोष शोधायचे. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, भोपाळच्या पिपलानीतलं कारखान्याचं क्वार्टर सोडून रस्त्यापलीकडे स्वतःच्या घरात आलो, तरी ती नजर काही रिटायर झाली नाही. भाजीवालासुद्धा यांना बघून टोमॅटो स्वतःच निवडून द्यायचा.

लेक फुटबॉलमधली गोलकीपर. टाउनशिपच्या मैदानावर मुलांबरोबर खेळत मोठी झाली, मग राज्याकडून खेळली, आणि चोविसाव्या वर्षी तिला दक्षिणेतल्या एका क्लबनं घेतलं. हा क्लब नुकताच खालच्या लीगमधून चढून देशातल्या बायकांच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये आला होता. करार एका सीझनचा. इकडे भोपाळमध्येच तिच्यासाठी खेळाडूंच्या कोट्यातली क्लार्कची नोकरी आली होती, सरकारी, आणि रुजू व्हायची मुदत त्यांनी कशीबशी वाढवून दिली होती. निघायच्या आदल्या दिवशी यांनी तिला समोर बसवलं.

"एक सीझन," हे म्हणाले. "टीम वर राहिली तर पुढे खेळ, मी अडवणार नाही. खाली गेली तर घरी यायचं आणि रुजू व्हायचं. कबूल?"

"कबूल, बाबा."

मी मध्ये पडले. म्हटलं, अकरा जणींचा खेळ आहे, सगळ्याचा भार हिच्या एकटीच्या डोक्यावर का? पण दोघांनी हात मिळवून टाकले होते. हट्टीपणात बाप-लेक एकाच साच्यातून निघालेत, मला विचारतो कोण!

लीगमध्ये आठ टीम होत्या. प्रत्येकीशी दोनदा खेळायचं, म्हणजे चौदा मॅच, आणि शेवटी तळाला राहतील त्या दोन टीमना खालच्या लीगमध्ये ढकलणार. हे सगळं मी त्या थंडीत शिकले. ऑफसाइड मला अजून नीट कळत नाही, पण पॉइंट टेबल मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं. फोन टीव्हीला जोडून आम्ही मॅच बघायचो. शेजारच्या कानपूरच्या भाभी स्वेटर विणत येऊन बसायच्या आणि चेंडू आमच्या गोलच्या आसपास आला की डोळे मिटून विचारायच्या, "गया क्या?"

आणि हे लिहायचे. कागदावर चार रकाने: मिनिट, दोष, कारण, उपाय. कारखान्यातल्या तपासणीच्या फॉर्मची नक्कल होती ती, पण पट्टीनं स्वतः आखलेली आणि मार्केटमधून झेरॉक्स करून आणलेली. कारखान्याचा कोरा कागदसुद्धा यांनी कधी घरी आणला नाही. मॅच संपली की त्या कागदाचा फोटो लेकीला जायचा. "मि. १२. कॉर्नरला पहिलं पाऊल उशिरा. कारण: वजन टाचेवर. उपाय: चवड्यावर उभं राहणे." असं सगळं, सुवाच्य अक्षरात.

यांचा प्रामाणिकपणा मी भोगलेला आहे. माझ्या सख्ख्या भावाचं छोटं वर्कशॉप होतं, कारखान्याला तो ब्रॅकेट पुरवायचा. एकदा ऐन दिवाळीच्या तोंडावर यांनी त्याचा अख्खा लॉट परत पाठवला. भाऊबीजेला भाऊ आला, माझ्याकडून ओवाळून घेतलं आणि यांच्याशी एक शब्द न बोलता निघून गेला. मी रडून घर डोक्यावर घेतलं. म्हटलं, केसाएवढा तर फरक होता, दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता! हे म्हणाले, "मला दिसला. दिसला की लिहायचा." पुढची दोन वर्षं भाऊबीज मी फोनवर केली.

तर सुरुवातीला लेकीला त्या कागदांचं कौतुक होतं. आम्ही हरलो तरी ती अंगठा पाठवायची, वर लिहायची, "कोचपण हेच म्हणाले." पाऊल सुधारलं. आम्ही एक मॅच जिंकलो, एक बरोबरीत सोडवली. मग गतवर्षीच्या विजेत्यांशी मॅच आली, तीही त्यांच्या मैदानावर. त्या दिवशी माझी पोर जी खेळली, काय सांगू! नव्वद मिनिटं गोलसमोर भिंत होऊन उभी होती. एक पेनल्टीसुद्धा अडवली. भाभींनी विणकाम टाकून मला मिठी मारली. शून्य-शून्य. कॉमेंट्रीवाला तिचं नाव घेऊन घेऊन थकला.

हे पेन्सिल ठेवून उठले आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. पॅडवरचा कागद कोराच होता. माझ्या तेव्हा काही लक्षात आलं नाही, मी आपली नातेवाइकांचे फोन घेत होते.

तीन दिवसांनी लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "आई, बाबांनी मॅच बघितली नाही का?"

"बघितली की! शेवटपर्यंत."

"मग काहीच नाही पाठवलं त्यांनी." मग स्वतःच म्हणाली, "छोड़ ना. हरले की चार रकाने भरून येतात. चांगलं खेळले तर एक शब्दपण नाही. त्यांना बहुतेक मी घरीच यायला हवीये."

त्यानंतर तिनं बापाचा फोन उचलणं बंद केलं. पुढच्या मॅचला तिचं कशातच लक्ष नव्हतं. तीन गोल खाल्ले, त्यातला एक तर मीसुद्धा अडवला असता. यांनी कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. तो फोटो तिनं उघडूनही बघितला नाही. टेबलात आम्ही खालून दुसरे, आणि हे आपले फोन हातात घेऊन निळ्या खुणा कधी होतात ते बघत बसलेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिट्टन मार्केटच्या बाजारातून आणलेली मेथी निवडत बसले होते, ती जुडी तशीच टाकली आणि यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"त्या शून्य-शून्यच्या मॅचनंतर पोरीला काही कळवलंत?"

"काय कळवायचं? काही दोषच नव्हता." हे अगदी साधेपणानं म्हणाले. "अगं, एक ओळसुद्धा लिहावी लागली नाही. कोरा कागद! आमच्याकडे एखाद्यानं बनवलेल्या जॉबवर कोरा कागद आला तर तो कारागीर पेढे वाटायचा. चौतीस वर्षांत मी असे किती दिले असतील, बोटांवर मोजण्याइतके."

मी कपाळावर हात मारला. या माणसानं आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी दिली होती आणि ती पोरीला पोचलीच नव्हती! पोहोचणार कशी, कोरा कागद पाठवतो कोण? म्हटलं, "ती काय तुमच्या कारखान्यात कामाला होती? देवानं तोंड दिलंय ना माणसाला? तिला वाटतंय बापानं आशा सोडली. तिकडे परमुलखात एकटी पोर, सांबार-भात खाऊन गोल अडवतेय, आणि इकडे तुम्ही कुंड्यांना पाणी घाला!"

हे घाबरले. खरंच घाबरले, चष्मा काढून हातात घेतला. "तिला असं वाटलं?" एवढंच म्हणाले. मग उठून पट्टी घेतली आणि कागदावर पाचवा रकाना आखला. वर काय लिहायचं यावर बराच विचार झाला. शेवटी लिहिलं, "ठीक". त्या जुन्या मॅचचा कागद नव्यानं भरला, आठवून आठवून. "मि. ८: ठीक. मि. ३१: ठीक. मि. ७४, पेनल्टी: ठीक."

"नुसतं ठीक?" मी ओरडले. "पेनल्टी अडवली हो तिनं!"

"ठीकच्या वर आमच्याकडे काही नसतंच," हे म्हणाले.

मी हात टेकले. पण फोटो गेला, सोबत मीही एक लांबलचक निरोप बोलून पाठवला, कोऱ्या कागदाची सगळी कथा सांगून. तासाभरानं लेकीचा निरोप आला. पहिली दहा सेकंद नुसतं हसत होती. मग नाक ओढत म्हणाली, "बाबा, यार, तुम्ही पण ना!" तो निरोप यांनी दिवसभरात किती वेळा ऐकला कुणास ठाऊक. भाभींनासुद्धा नेऊन ऐकवला.

त्यानंतर सीझन जरा वळणावर आला. दोष लिहायचे थांबले नाहीत, छे! पण पाचवा रकानाही भरायला लागला. आम्ही दोन मॅच जिंकलो, एक हरलो आणि खालून तिसरे झालो. शेवटची मॅच बरोबरीत सुटली असती तरी वर राहत होतो. हरलो तर खाली. त्या दिवशी माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. कुकर लावला आणि त्यात पाणी घालायलाच विसरले, मॅचच्या आधी घरभर जळका वास.

लेक छान खेळत होती. मध्यांतरापर्यंत शून्य-शून्य. मग एकसष्टाव्या मिनिटाला डावीकडून उंच चेंडू आला, गोलसमोर गर्दी झाली, आमच्याच एका डिफेंडरच्या गुडघ्याला लागून चेंडू आत गेला. कॉमेंट्रीवाला त्या बिचारीचंच नाव घेत राहिला. उरलेला अर्धा तास आम्ही तो एक गोल फेडायला धडपडलो, पण फिटला नाही. टीम खाली गेली. लेक गोलच्या खांबाला टेकून बसली होती, आणि कॅमेरा मेला तिच्यावरच रोखलेला. भाभी विणकाम गुंडाळून गेल्या. यांनी पॅड उलटं करून मांडीवर ठेवलं.

दोन दिवसांनी लेकीनं मला फोन केला, गाडीत बसायच्या आधी. वरच्याच लीगमधल्या दुसऱ्या एका क्लबच्या कोचनं तिला विचारलं होतं. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. "पण बाबांना सांगू नकोस," ती म्हणाली. "मी कबूल केलंय. टीम खाली गेली, मी घरी येतेय."

मला गोष्ट पोटात ठेवता येत नाही, हे माझ्या लेकीला चोवीस वर्षांपासून माहीत आहे. तरी तिनं मला सांगितलं. मी पाच मिनिटांत यांना सांगून टाकलं. वर हेही सांगितलं की शब्दाला धरून पोरीचा खेळ बंद केलात तर मी नागपूरला माहेरी निघून जाईन आणि स्वयंपाक तुमचा तुम्ही करा. हे उठले. आतल्या खोलीत गेले, पट्टी आणि पेन्सिल घेऊन.

गुरुवारी सकाळी लेक रिक्षातून उतरली. उन्हानं काळवंडलेली, दोन्ही गुडघे फुटलेले. आंघोळ केली, पोहे खाल्ले, जिलबीला हात लावला नाही. मग ताटली बाजूला सरकवून म्हणाली, "बाबा, रुजू व्हायचा कागद द्या. कधी जायचंय?"

यांनी कपाटातून कागद काढून तिच्यासमोर ठेवला. पण तो नोकरीचा नव्हता. शेवटच्या मॅचचा तपासणीचा कागद होता. मी तिच्या खांद्यावरून वाचला. दोषाच्या रकान्यात एकच शब्द, "निरंक". पाचव्या रकान्यात "ठीक". आणि खाली, सहीच्या वर: "असेंब्ली नापास. भाग निर्दोष. दुसऱ्या असेंब्लीत वापरावा."

"म्हणजे?" मी विचारलं.

"अख्खं मशीन नापास झालं तरी त्यातले पास झालेले भाग भंगारात टाकत नाहीत," हे माझ्याकडे बघत म्हणाले, जणू मीच गोलकीपर. "ते काढून दुसऱ्या मशीनला लावतात. नियम आहे. आमचं ठरलं तेव्हा माझ्या लक्षात यायला हवा होता."

लेक कागद वाचत होती. दोनदा वाचला. तिचे डोळे भरून आले, पण चेहरा खुलला नाही. ती म्हणाली, "बाबा, एकसष्टावं मिनिट."

यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मी चेंडूसाठी पुढे निघाले आणि मध्येच थांबले. अर्धंच पाऊल. गेले असते तर चेंडू माझ्या हातात होता. सगळे तिच्या गुडघ्याला बोलतायत, पण गोल माझा होता, बाबा. तुम्ही पट्टी घेऊन बसता. तुम्हाला कसं दिसलं नाही?"

मला माझ्या भावाचा लॉट आठवला. दोन वर्षं फोनवर केलेली भाऊबीज आठवली. आता हा माणूस पेन्सिल उचलणार, एकसष्ट लिहिणार, दोष, कारण, उपाय, आणि पोर उद्यापासून सरकारी खुर्चीत. मी यांचा हातच धरला.

"दिसलं," हे म्हणाले. "त्या कोचला फोन कर. शुक्रवार उद्याच आहे."