वरच्या गॅलरीचा कठडा

माझे दाजी वेल्डर. पस्तीस वर्षं काळ्या काचेआडून त्यांनी लोखंडाला लोखंड जोडलं, आणि त्या काळात आमच्या फुटबॉल संघाची घरच्या मैदानावरची एकही मॅच चुकवली नाही. लग्नाच्या दिवशी मॅच नव्हती म्हणूनच मला नवरा मिळाला, असं ताई म्हणायची. जुन्या मैदानाच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून ते इतके ओरडायचे की दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये खुणांनी बोलत. मग जुनं मैदान पाडलं, त्याच जागी नवं स्टेडियम उभं राहिलं, आणि दाजी घरात टीव्हीवर मॅच बघू लागले. तीही आवाज बंद करून.

तीन वर्षांत ते एकदाही तिकडे फिरकले नाहीत. वास्तविक ते स्टेडियम बांधायला चौदा महिने तेच राबले होते. मी त्यांची भरपूर टिंगल केली. "स्वतः रांधलेलं स्वतःच खात नाहीत," असं चारचौघांत म्हणायचो. म्हातारा जुन्या पायऱ्यांसाठी रुसलाय, अशी माझी समजूत. माझ्या अकलेची आज मला कीव येते.

माझी भाची एका लॅबमध्ये रक्त तपासते आणि बापाइतकीच फुटबॉलवेडी आहे. यंदा तिने अख्ख्या हंगामाचं तिकीट काढलं आणि जेवताना जाहीर केलं, "वरची गॅलरी, पहिली रांग. समोर फक्त कठडा."

दाजींचा घास हातातच राहिला. "जागा बदल."

"बाबा, या जागेसाठी लोक वर्षभर थांबतात."

"मग पहिल्या मॅचला मी येणार."

ताईला वाटलं, चला, रुसवा गेला. भाचीने खटपट करून शेजारच्या दोन खुर्च्या मिळवल्या, एक दाजींना, एक मला.

रविवारी दुपारची मॅच. भाची कामावरून परस्पर येणार होती, म्हणून बसमध्ये आम्ही दोघंच होतो. दाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या कठड्याचे खांब मी लावलेत."

"मग बरंच आहे की."

"आधी खांब सरळ उभा करून दोन टाके मारायचे. धरून ठेवण्यापुरते. मग चारी बाजूंनी पूर्ण वेल्डिंग. एका खांबाला टाके मारले आणि मुकादमाने मला दुसऱ्या कामावर पळवलं. दुसऱ्या दिवशी आलो तर रंगारी पुढे निघून गेलेला. सगळे खांब सारखेच करडे."

"मुकादमाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. तो म्हणाला, केलं असशील, विसरला असशील. मलाही तेच ऐकायचं होतं. नंतर वाटलं, वरच्या साहेबांना सांगावं. पण आज नको, उद्या नको असं करत उद्घाटनाची तारीख उलटली, लोक येऊन बसायला लागले. आता सांगितलं तर पहिला प्रश्न हाच, इतके दिवस गप्प का बसलास?" मग म्हणाले, "ती बसते त्याच भागात आहे तो. नक्की कुठला ते आठवत नाही. पण रंगावरून बोट फिरवलं की कळेल. माझं काम मी ओळखतो."

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," मी म्हणालो.

स्टेडियमच्या दाराशी फोन दाखवला की फाटक आपोआप उघडतं. पुढे सरकते जिने, चकचकीत फरशा, पडदाभर जाहिराती. वर पोहोचून गॅलरीत पाऊल टाकलं आणि मी बाजूची भिंत धरली, इतका तो उतार खडा. भाची आधीच पोहोचली होती आणि कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून खाली वाकून बघत होती. तिच्या पलीकडे तीस माणसं तशीच वाकलेली. खांब तपासायला वेळच नव्हता. शिट्टी झाली.

पहिला अर्धा खेळ मी पाहिला नाही, मी दाजींना पाहत होतो. गॅलरीने गाणं धरलं आणि हजारो माणसं एका ठेक्यात उड्या मारू लागली. पायाखालचं काँक्रीट हललं. मी खुर्ची घट्ट धरली.

"हे हलायलाच हवं," दाजी माझ्या कानात म्हणाले. "त्याची सोय केलेली असते. खांबाची नसते."

त्यांनी भाचीच्या जाकिटाचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. "बाबा, मी काय तीन वर्षांची आहे?" ती वैतागली. त्यांनी सोडलं नाही. समोर चेंडू गोलखांबाला लागून परतला, सगळं स्टेडियम हळहळलं, आणि आयुष्यभर या संघासाठी घसा फोडलेला माणूस करड्या रंगाच्या नळीकडे बघत राहिला.

मध्यंतराला लोक चहाला उठले, भाचीही गेली. दाजी गुडघ्यांवर बसले आणि एकेका खांबाच्या बुडाशी बोटं फिरवत सरकू लागले. पहिला पूर्ण. दुसरा पूर्ण. सहावाही. सातवा जिन्याला लागून होता. तिथे त्यांची बोटं एकदा फिरली, पुन्हा उलटी फिरली. मग ते तिथेच खाली बसले आणि त्यांचे खांदे हलू लागले.

"पूर्ण आहे," ते म्हणाले. ते हसत होते. "सगळेच पूर्ण आहेत, माझ्याच हातचे. मुकादम खरं बोलला रे, मीच विसरलो होतो."

भाची चहा घेऊन आली. त्यांनी तिला सगळं एका दमात सांगून टाकलं. तिने कप खाली ठेवले. "म्हणजे तीन वर्षं तुम्ही मुक्या मॅच बघितल्या, त्या यासाठी?"

दाजींना इतकं मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं. जिन्यापलीकडचा कठडा दुसऱ्या ठेकेदाराच्या माणसांनी लावलेला. "बघू तरी त्यांचा हात कसा आहे," असं म्हणत ते मोठ्या मिजाशीत तिकडे वाकले. कारागिराला दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याइतकं सुख कशात नाही.

त्यांची बोटं थांबली. ते पुढच्या खांबाकडे गेले. मग त्याच्या पुढच्या. आठ खांब झाल्यावर उभे राहिले तेव्हा मघाची मिजास उतरली होती.

"दोन-दोन टाके आहेत फक्त," ते म्हणाले. "आठही खांबांना."

लोक परतत होते. एका माणसाने लहान मुलीला उचलून कठड्याच्या दांडीवर बसवलं. दाजी धावले, त्याला मागे व्हायला सांगू लागले. तो भडकला. पिवळ्या जाकिटातला सुरक्षारक्षक आला, मग त्याचा साहेब. दाजींनी टाके दाखवले. साहेबाने वाकूनही पाहिलं नाही.

"काका, सगळं तपासलेलं आहे, सह्या झालेल्या आहेत. तुम्ही इंजिनिअर आहात का?"

"नाही."

"मग जागेवर बसा."

उत्तरार्धाची शिट्टी झाली. जिन्यापलीकडची अख्खी रांग उठून कठड्यावर वाकली.

दाजींनी साहेबाचा दंड धरला. "मी या कामावर वेल्डर होतो. तुमच्या कागदांत माझं नाव सापडेल. हे खांब मी अर्धवट सोडलेत."

"बाबा, तुम्ही कुठे..." भाचीने तोंड उघडलं. त्यांनी तिचं मनगट इतकं दाबलं की ती गप्प झाली.

प्रेक्षकाची शंका झटकता येते. गुन्हेगाराचा कबुलीजबाब झटकला आणि काही झालं, तर नोकरी जाते. साहेबाचा चेहरा बदलला, तो वॉकीटॉकीवर बोलू लागला. त्या आठ खांबांमागच्या चार रांगा उठवून मागे नेल्या. लोकांनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

आम्हाला खाली, गॅलरीच्या बरोबर पोटातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत बसवलं. एका अधिकाऱ्याने कागद ओढला. खरं काय ते माझ्या जिभेवर होतं, पण ते सांगितलं असतं तर रांगा पुन्हा भरल्या असत्या. भाची ओठ दाबून रडत होती.

"आठ खांब, बरोबर?" अधिकारी म्हणाला.

दाजी मान हलवणार तेवढ्यात थबकले. माझ्याही त्याच क्षणी लक्षात आलं. त्यांनी आठच तपासले होते. त्यापुढे कोपऱ्यापर्यंत कठडा तसाच गेला होता, आणि त्याला माणसं टेकून उभी होती.

"आठ नाही," ते म्हणाले. "ती सगळी बाजू. शेवटच्या खांबापर्यंत. आधी वर कळवा, मग लिहा."

"मघाशी तर आठ म्हणालात."

"घाबरलो होतो. कळवा, साहेब."

अधिकाऱ्याने कुरकुरत वॉकीटॉकी उचलला. तो बोलत असतानाच वर गर्जना झाली. गोल झाला होता. छत दणाणलं, टेबलावरचा पेला थरथरला, हजारो पाय आमच्या डोक्यावर नाचत होते. दाजींनी डोळे मिटून माझा हात पकडला. आम्ही तिघंही दुसऱ्या आवाजाची वाट बघत होतो. दणदणाट संपेना.

मग तो हळूहळू ओसरला. वॉकीटॉकीतून कोणीतरी म्हणालं की लोकांना मागे घेतोय, अर्धी रांग रिकामी झालीय, उरलेली होतेय.

दाजींनी डोळे उघडले. गोल कोणी केला, हे त्यांनी विचारलं नाही.

"लिहा," ते म्हणाले. "सगळे माझेच."