नानांचे दोन चिंचोके

पत्रिका समोर आली की नाना आधी सदऱ्याच्या खिशातून दोन चिंचोके काढायचे. एक दुसऱ्या घरावर ठेवायचे, एक सातव्यावर. मग चष्मा पुसून म्हणायचे, "हं, आता बोला." उरलेल्या दहा घरांवर तासभर बोलतील, पण त्या दोन चिंचोक्यांखाली काय आहे, ते कुणाला सांगणार नाहीत. ती मारकाची घरं. ज्योतिषी माणसाचं मरण तिथं शोधतात. त्या घरांचा मालक ग्रह तो मारकेश. आणि गंमत बघा, गावात आमच्या नानांचं नावच 'मारकेश नाना'.

ते नाव कसं पडलं, हे कोल्हारची जुनी माणसं अजून सांगतात. नाना साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. पत्रिकेचा नाद वडिलांकडून आलेला. बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःचंच मरण काढलं. दुसऱ्या घराच्या मालकाची दशा, तीत सातव्याच्या मालकाची अंतर्दशा, श्रावणातला मंगळवार. सगळ्यांना कळवलं. अकोल्याहून मेहुणे जीप करून आले, येताना घरचा तांदूळ घेऊन. तेराव्याला लागेल म्हणून! नाना आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून खाटेवर आडवे. पाहुण्यांचा तीन वेळा चहा झाला. दिवेलागणीला आतून पिठल्याच्या फोडणीचा वास आला आणि नाना उठून बसले. दोन भाकरी खाल्ल्या. हात धुता धुता मेहुणे म्हणाले, "दाजी, पुढच्या वेळी पक्कं असलं तरच कळवा."

"गणित बरोबर होतं," नाना म्हणाले. "मीच मेलो नाही."

चिंचोके आले ते त्या दिवसापासून.

हीच दोन घरं का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "आठवं घर आयुष्याचं, तिसरंही आयुष्याचं. कुठल्याही घरापासून बारावं घर त्याच्या खर्चाचं. आठव्यापासून मोज, सातवं येतं. तिसऱ्यापासून मोज, दुसरं येतं. आता दुसऱ्यात असतं काय? घास, वाणी, घरची माणसं. सातव्यात? जोडीदार, धंदा, प्रवास. आयुष्य खर्चायचं ते यांच्यावरच की! नाहीतर काय डब्यात घालून ठेवायचं?"

आतून काकूंचा आवाज आला, "तुमचं सातवं घर चहा करतंय. साखर घालू का दुसरं काही?"

मी भित्री. आज कोईमतूरच्या खोलीत हे लिहितानाही दोनदा उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. पण तेव्हाची भीती मला दुसऱ्यानं दिलेली होती. मी नववीत असताना आईनं राहात्याच्या बाजारात एका ज्योतिषाला माझी पत्रिका दाखवली. कर्क लग्न, सातव्यात शनी, तोच मारकेश, आणि त्याची एकोणीस वर्षांची दशा नुकतीच लागलेली. "पाणी आणि प्रवास, दोन्हीला जपा," एवढंच तो म्हणाला. आमचं घर प्रवरेच्या अलीकडं, शाळा पलीकडं, मधे पूल. दुसऱ्या दिवशी माझं दप्तर फळीवर गेलं ते गेलंच. वडील नव्हते. आईला मी एकटी. तिला कसा दोष देऊ?

दोन वर्षं मी तो पूल लांबूनच बघितला. रात्री झोपताना वाटायचं, आजचा दिवस तरी गेला. शेवटी आईच मला घेऊन नानांच्या ओट्यावर गेली. "नाना, तुमी बघा. पर खरं सांगा."

नानांनी पत्रिका उघडली आणि खिशातून मूठभर चिंचोके काढले. पहिल्या घरावर ठेवला. तिसऱ्यावर, चौथ्यावर... दहाच्या दहा घरं झाकली. उघडी राहिली फक्त दुसरं आणि सातवं.

आई ओरडलीच. "अवो नाना, उलटं मांडलं तुमी!"

"मनीषाची आई, काट्यावर रिकाम्या गाडीचं वजन वजा केल्याशिवाय ऊस किती ते कळत नाही. लोखंडालाच ऊस समजतो माणूस. हिच्या पत्रिकेतून तुमची भीती वजा करा, मग काय उरतं बघा. शनी आहे सातव्यात. पण तो स्वतःच्या राशीत, स्वतःच्या घरात बसलाय. आपल्या घराला कोण काडी लावतं? आणि हेच घर प्रवासाचं. ही पोर लांब जाणार आणि हातातल्या कामावर जगणार."

"आन् काय झालं तर?"

"तर मेहुण्यांना सांगू, तांदूळ आणा म्हणून."

आई रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना सायकल हातात धरून पुढं, मी कॅरिअर घट्ट पकडून मागं. पुलाच्या बरोबर मध्यावर त्यांनी सायकल कठड्याला टेकवली, खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढल्या. म्हणाले, "शनीला पाच मिनिटं देऊ. त्याला काय करायचं असेल ते करू दे."

उसाचे ट्रॅक्टर भोंगे वाजवत जात होते. पूल थरथरत होता, मीही. नाना शेंगा सोलून दाणे माझ्या हातावर ठेवत होते. मग त्यांनी घड्याळ बघितलं.

"आला नाही. कामात असेल. चल."

शाळा मात्र सुटली ती सुटलीच. माझ्याबरोबरच्या मुली दहावी होऊन गेल्या होत्या, खालच्या वर्गात बसायची लाज वाटली. पलीकडं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, पाण्याच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं, तिथं नानांनी शब्द टाकला. मालक म्हणाला, "पोरगी लई घाबरट दिसती." नाना म्हणाले, "म्हणूनच ठेव. एकेक वेढा दहादा तपासेल. भित्र्या माणसाच्या हातची मोटार जळत नाही." ते खरं झालं. त्या दुकानातून मी इथल्या पंपाच्या कारखान्यात आले. इथली भाषा येत नव्हती, पण तांब्याची तार कळत होती. आज माझ्या हाताखाली वीस बायका वाइंडिंग शिकतात.

दशेचं एकेक वर्ष सरलं की त्या दिवशी मी नानांना फोन करायचे. पलीकडून एवढंच, "आहेस?" मी म्हणायचे, "आहे." मग काचेच्या बरणीत चिंचोका पडल्याचा टक् आवाज. घरी बसून काढलेल्या दोन वर्षांचे दोन त्यांनी आधीच टाकले होते. "एकोणीस झाले की बरणी तुझी."

सतरा झाले आणि नाना गेले. जेवण करून खुर्चीत बसले होते, तसेच. मला पोचता आलं नाही. फोनवर काकू म्हणाल्या, "मने, गेले ते भाग्येशाच्या दशेत गं, भाग्याच्या घराच्या मालकाच्या. दोन्ही मारकेशांनी हातसुद्धा लावला नाही." आणि हसता हसता त्यांना हुंदका आला. अठरावा चिंचोका त्यांनीच टाकला. फोनवर तसाच आवाज आला. टक्.

यंदा शनीची दशा संपली. मी रजा टाकून गावी गेले. काकूंनी बरणी पुढं केली, एकोणिसावा मी माझ्या हातानं टाकला. मग आईला म्हटलं, चल.

आई त्या पुलावरून शंभरदा गेली असेल, पण मध्यावर कधी थांबली नव्हती. पदर धरून भराभर चालायची. त्या दिवशी थांबली. कठड्याला टेकून आम्ही दोघी उभ्या राहिलो. ट्रॅक्टर भोंगे वाजवत गेले, पूल थरथरला. मी सवयीनं तिचा हात धरला. आईनं वाकून खाली पाणी बघितलं, मग रस्ता दोन्ही बाजूंनी लांबवर न्याहाळला. कमरेच्या पिशवीतून शेंगा काढल्या, सोलून दाणे माझ्या हातावर ठेवले.

"आला न्हाई," ती म्हणाली. "कामात आसंल. चल."