दोन रंगांचा स्कार्फ

मी कोल्हापूर सोडलं त्या सकाळी बसस्टँडवर आबा डोक्याला पट्टी बांधून आले होते. पट्टीखाली सात टाके.

आदल्या रविवारी आमच्या पेठेच्या तालमीच्या संघाचा पलीकडच्या पेठेशी फुटबॉलचा सामना होता. शेवटच्या मिनिटाला पलीकडच्यांना पेनल्टी मिळाली आणि चेंडू सोडून बाकी सगळं हवेत उडू लागलं. दगड, बाटल्या, चपला, एक खुर्चीसुद्धा. आबा तालमीचे जुने गोलकीपर, येईल ते अडवायची सवय. विटेचा तुकडा त्यांनी कपाळानं अडवला. त्या वेळी त्यांचा पंचविशीतला, इंजिनिअर झालेला, जर्मनीचा व्हिसा मिळालेला मुलगा कुठे होता? शेंगदाणेवाल्याच्या गाड्याखाली. तिथूनही तो मागच्या मागे निसटला, एक चप्पल तिथेच टाकून. पळताना एकदा वळून पाहिलं. आबा गुडघ्यांवर होते, सदरा लाल झालेला आणि दोघे त्यांना लाथा घालत होते. मी थांबलो नाही.

सोमवारी ती चप्पल उंबऱ्यापाशी जोडीनं ठेवलेली दिसली. आईनं शोधून आणली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

"तिकडं निवांत हाय म्हणं," बस सुटताना आबा म्हणाले. "पळायबिळायला लागत नाही." मी पाया पडलो, पण वर काही बघवलं नाही.

त्याला बावीस वर्षं झाली. फ्रँकफर्टमध्ये मी बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो, पावसात सायकल चालवतो आणि बाटल्या रंगाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत टाकतो. बाटली फेकायची ती अशी, हे मला इथे कळलं. बायको सुनीता पुण्याची, त्यामुळे भांडण झालं तरी ते व्याकरणशुद्ध होतं. आमची मुक्ता सोळा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. घरात आमचं संभाषण 'जेवलीस का' आणि 'गेनाऊ', म्हणजे 'बरोबर', एवढ्यावर आलं होतं. बोलणं उरलं होतं ते फक्त स्टेडियममध्ये. म्हणून दोघांची डाउअरकार्टे काढली, म्हणजे वर्षभराचा पास. यंदा आमचा क्लब शनिवारी लीगमध्ये मार खायचा आणि गुरुवारी युरोपात भल्याभल्यांना लोळवायचा. गोल झाला की मुक्ता माझा दंड घट्ट धरायची. तेवढ्यासाठी मी उणे तीनमध्येही बसलो असतो, आणि बसलोही.

मग युरोपातला उपांत्यपूर्व सामना आला. बाहेर एका टपरीवर स्कार्फ होते, अर्ध्यावर आमचा रंग आणि अर्ध्यावर पाहुण्यांचा. मी घेतला. म्हटलं, पाहुणे आलेत, त्यांचाही मान राहील. शिवाय गळा गरम. मुक्ता कळवळून म्हणाली, "बाबा, नाइन!" म्हणजे नको, काढ ते. मी हसलो. दोन पेठांचे रंग एका गळ्यात घालू नयेत, एवढंही कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला आठवू नये!

आम्ही हरलो. एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, फलाटावर लाल धूर पसरला, काचा फुटल्या आणि तोंडं झाकलेले लोक दोन्ही जिन्यांवरून खाली उतरले. एकानं माझ्या स्कार्फचं डावं टोक पकडलं, दुसऱ्यानं उजवं. एकाला हा रंग नको होता, दुसऱ्याला तो. मधल्या माझ्या गळ्याबद्दल कुणालाच काही म्हणायचं नव्हतं. डोळ्यांपुढे काळोख येत असताना मुक्ता त्यातल्या एकाच्या मनगटाला कडकडून चावली. त्यानं तिला भिरकावलं. लोखंडी कठड्यावर तिचं कपाळ आपटलं, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. रक्त भुवईवरून गालावर आलं.

तेवढ्यात स्कार्फ टर्रकन फाटला आणि मी सुटलो. मागचा जिना दहा पावलांवर, रिकामा. माझ्या पायांना असल्या जिन्यांची फार जुनी ओळख आहे; एक पाऊल त्यांनी टाकलंसुद्धा.

मग मी वळलो आणि मुक्तावर अंग टाकलं. गोलकीपरच्या मुलाला ते पन्नाशीला टेकल्यावर जमलं. पाठीवर, बरगड्यांवर बूट पडत राहिले; दोन बरगड्या पापडासारख्या मोडल्याचं मला ऐकू आलं. मुक्ता खालून एकच शब्द म्हणत होती, "बाबा, बाबा." पोलिसांच्या काठ्या पोचेपर्यंत माझा एक बूट रुळांवर गेला होता.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर आबांनी नातीचं कपाळ बघितलं.

"टाके किती?"

"पाच," मुक्ता चक्क मराठीत म्हणाली.

"मला सात हुते," आबा ऐटीत म्हणाले.

मी फोन घेतला. "आबा, त्या रविवारी मी पळालो होतो."

"ठाऊक हाय. चप्पल कुणी आणली वाटतं तुला?"

मी फोन घेऊन खाली बसलो. बरगड्यांमुळे, असं मी मागाहून सुनीताला सांगितलं.

"डोळ्यांत रगत जात हुतं, पर आधी तीच हुडकली," आबा म्हणाले. "पोरगं परदेशी निघालंय, एका पायात काय घालून जाईल?"

तुम्ही मागे राहिलात किंवा माझ्यासारखे निघालात, 'घर कुठलं' हा प्रश्न कुणाला चुकलेला नाही. मी आता गावाचं नाव सांगत बसत नाही. आपलं पळणं जिथे कुणीतरी पाहिलेलं असतं आणि तरी चप्पल उंबऱ्याशी आणून ठेवलेली असते, ते घर.

"अहो, आता तिथे पाऊल ठेवायचं नाही," सुनीतानं बजावलं होतं. पुढच्या शनिवारी तीच डबा घेऊन सोबत निघाली. मी अजून भित्राच आहे. स्टेडियममध्ये शिरलो की बाहेर जायचं दार कुठे, ते आधी बघून ठेवतो. मग मुक्ता दंड धरते, आणि मी दाराकडे पाठ करून बसतो.