काच उलटी नव्हती

दादा गेल्याची बातमी मला अमरावतीला, शाळेत कळली. मी पाचवीच्या वर्गाला शिकवत होते. शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि नुसता उभाच राहिला... तेव्हाच समजलं. अकोल्याची गाडी मिळेपर्यंत मी रडले नाही, गाडीत बसल्यावरही रडले नाही. रडले ती नंतर, शोकसभेत, आणि तेही दुःखानं नाही, संतापानं. दोन महिने होत आले, तरी तो संताप उतरायला तयार नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. आईनं माझं नाव शांता ठेवलं, त्याला माझा इलाज नाही.

माझा दादा, सुखदेव, अकोल्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. पण गावोगाव त्याला ओळखत ते 'कंदीलवाले मास्तर' म्हणून. काचांवर चित्रं रंगवायची, कंदिलाच्या उजेडानं ती पडद्यावर पाडायची आणि सोबत गोष्ट सांगायची, हा त्याचा रविवारचा उद्योग. त्याच्या शोकसभेत व्यासपीठावर दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर भाऊसाहेब, एका गटाचे पुढारी. दुसरीवर अण्णासाहेब, दुसऱ्या गटाचे. आणि वहिनी, म्हणजे गेलेल्या माणसाची बायको, खाली सतरंजीवर, खांबाच्या मागे. भाऊसाहेब बोलायला उठले. म्हणाले, "मास्तर आपल्या गटाचा माणूस. लय भोया. काच नेहमी उलटी घाले! अक्षरं उलटी, राजा डावखुरा... आमी समोरून ओरडून राहिलो, मास्तर, काच उलटी हाये! त्याले पत्ता नाही." सभागृह हसलं. शोकसभेत हसलं! मग अण्णासाहेब उठले आणि म्हणाले की मास्तर खरं तर मनानं त्यांच्या गटाचे होते, पण उलट्या काचेची गंमत मात्र भाऊसाहेब सांगतात तशीच. पुन्हा हशा. मी उठणार होते. वहिनींनी माझा हात दाबून धरला. "बसा, शांताबाई," एवढंच म्हणाल्या. मी बसले. पण आज कोणी हात धरणारं नाही, म्हणून सांगते. काच उलटी नव्हती. कधीच नव्हती.

आम्ही वलगावचे. मी फार लहान असताना गावात एक कंदीलवाला आला होता. चौकात पांढरा पडदा ताणला, त्यावर पाणी मारलं, कारण कापड ओलं असलं की चित्र आरपार दिसतं. गाव पडद्याच्या पुढे बसलं. आमच्या वस्तीला पडद्याच्या मागे बसवलं. पुढे जागा नव्हती म्हणे! आमच्यासाठी पुढे जागा कधीच नसायची, चौक रिकामा असला तरी. आम्हाला त्याचं काही वाटलंही नाही, चित्र तर दिसत होतं. पडद्यावर एक राजा जेवत होता, डाव्या हातानं. दादा मला म्हणाला, "शांते, पाहून ठेव. राजे लोक डाव्या हातानं जेवतात." दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं डाव्या हातानं भाकर खायला लागलो. आईनं चापट्या मारल्या तरी दादा ऐकेना, का, तर म्हणे आपल्याले राजा व्हायचं हाये. पुढे शाळेच्या पुस्तकात त्याला तसंच राजाचं चित्र सापडलं. तो राजा उजव्या हातानं जेवत होता. दादा त्या दिवशी घरी आला आणि जेवलाच नाही. आई विचारून थकली. मला एकटीला त्यानं सांगितलं, "आपल्याले उलटं दाखवलं, शांते."

हे त्याच्या मनात किती खोल गेलं होतं ते मला फार वर्षांनी कळलं. छप्पनच्या दीक्षेनंतर आमच्या घरातले जुने देव गेले आणि भिंती मोकळ्या झाल्या. तोवर दादा नोकरीला लागला होता. अमरावतीच्या जुन्या बाजारातून त्यानं एक मोडका कंदील आणला, दुरुस्त केला आणि त्या मोकळ्या भिंतीवर आपलं पहिलं चित्र पाडलं. पुराणातलं नाही, इतिहासातलं नाही. एक गाव होतं, त्याच्याच डोक्यातून निघालेलं. आभाळात लटकलेलं.

निदान त्या गावातले सगळे लोक तसं मानायचे. गावाखाली दाट धुकं, आणि धुक्याखाली काय आहे ते कोणी पाहिलेलं नाही. गावात दोन गट. दोरवाले म्हणत, आभाळाला बांधलेले दोर आमच्या हातात आहेत, आम्ही सोडले तर गाव गेलं. दिवेवाले म्हणत, धुक्यातून जे काही गिळायला येतं ते आमच्या दिव्यांना भिऊन असतं. गादी एकच. ती कधी यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे. दोरवाल्यांत पुन्हा थोरल्या दोराचे आणि धाकट्या दोराचे, एकमेकांच्या लग्नाला न जाणारे. दिवेवाल्यांत तेल मोठं की वात मोठी यावरून हाणामारी. आणि सगळ्यात खालच्या पायऱ्यांवर, धुक्यात, धुकेकरी राहायचे. दोर वळायचे ते धुकेकऱ्यांनी, तेल गाळायचं ते धुकेकऱ्यांनी. गादीवर कोण बसावं हे मात्र त्यांना कोणी विचारत नसे. दादा एका काचेवर दुसरी काच बसवायचा आणि वरची हळूच ओढायचा, की दोरवाल्यांच्या मुखियाची मिशी वर चढायची, दिवेवाल्याचे डोळे गरगर फिरायचे. हालणारी चित्रं पाहून लोक वेडे व्हायचे. बायांचे आवाज मी काढायचे. दोन्ही मुखियांच्या बायका मीच, त्यामुळे मी स्वतःशीच कडाकडा भांडायचे.

आणि हे सगळं तो उलटं दाखवायचा. मुद्दाम. काच अशी घालायचा की पडद्याच्या पुढून अक्षरं उलटी आणि गादीवरचा माणूस डावखुरा दिसावा, आणि पडद्यामागून सगळं सरळ. कारण साठ साल उलटलं तरी गावोगाव पुढे कोण बसतं आणि मागे कोण बसतं यात काडीचा फरक पडला नव्हता. समोरून कोणी ओरडलं की तो शांतपणे म्हणायचा, "बरोबर हाये जी." मी त्याला विचारलं होतं, "दादा, एकदा सांगून टाक ना तोंडावर, कशासाठी करतो ते." तर म्हणाला, "त्याईले कायले सांगू? ज्याईच्यासाठी हाये त्याईले दिसून राहिलं."

गंमत अशी की त्याला बोलावून नेणारे हेच गटवाले होते. निवडणूक आली की भाऊसाहेबांची माणसं यायची, अण्णासाहेबांची यायची. चौकात एक गट डावीकडे, एक गट उजवीकडे. दोरवाले आले की अण्णासाहेबांकडचे हसायचे, हे भाऊसाहेबच म्हणून. दिवेवाले आले की भाऊसाहेबांकडचे. प्रत्येकाला वाटायचं मास्तर दुसऱ्याची खोड मोडतो आहे. आपल्यावर कोणी गोष्ट रचेल हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं, इतकी आपल्या थोरपणाची खात्री.

मग हिवरखेडच्या बाजूच्या एका गावात खेळ झाला. नुकती दिवेलागण झाली होती. त्या दिवशी दादानं दोन नव्या काचा आणल्या होत्या. पहिल्या काचेत दिवसभर गादीवरून भांडणारे दोन्ही मुखिये संध्याकाळी एकाच ताटात जेवत होते. काच ओढली की दोघांचे हात एकदम ताटात जायचे. मागून खळखळून हसू आलं. पुढून कोणी हसलं नाही. डावीकडचे उजवीकडे पाहायला लागले. मग दुसरी काच. एक धुकेकरी बाई शेवटच्या पायरीवरून खाली उतरली आहे आणि तिचा पाय काळ्या मातीत टेकला आहे. वर अक्षरं. पुढच्या लोकांना वाचता येईनात. भाऊसाहेब खुर्चीतून ओरडले, "मास्तर, काच उलटी हाये! सीधी करा!" दादा म्हणाला, "बरोबर हाये जी." आणि पडद्यामागून एक आवाज आला. गयाबाई म्हणून मजुरीला जाणारी बाई होती, लेकीच्या पाटीवरून अक्षरं शिकलेली. अडखळत, एकेक शब्द धरून ती वाचत होती. "दोर... सोडा. खाली... जमीन... हाये." मग तिनं तेच पुन्हा वाचलं, मोठ्यानं. तिसऱ्यांदा तिच्यासोबत सगळी मागची बाजू बोलली.

त्यानंतर दोन्ही गटांची माणसं एकदमच उठली. निवडणुकीत एकमेकांची डोकी फोडणारे हे लोक खांद्याला खांदा लावून काम करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. पडदा फाडला. कंदील लाथेनं उडवला. काचांची पेटी उपडी करून तिच्यावर नाचले. दादाचं सारं गाव, दोरवाले, दिवेवाले, धुकेकरी, सगळ्यांचा चुरा झाला. भाऊसाहेब आणि अण्णासाहेब शेजारी शेजारी उभे राहून पाहत होते. थांबवायला एक शब्द निघाला नाही त्यांच्या तोंडातून! परतताना मी बैलगाडीत रडत होते, शिव्या देत होते. दादाच्या हातात पोचा पडलेला कंदील होता. तो बाहीनं त्याच्यावरची माती पुसत होता. मग म्हणाला, "शांते, तिनं वाचलं." वर्षानुवर्षांची मेहनत मातीत गेली होती आणि या माणसाचा चेहरा असा की जणू घरी लग्न ठरलंय.

पुढचं काय सांगायचं... ज्या मंडळाची शाळा होती त्या मंडळावर दोन्ही गटांचे लोक होते. त्यांचं कधी कशावर एकमत होत नसे. दादाला काढायच्या ठरावावर झालं. मग जठारपेठेतल्या एका खोलीत बसून तो दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला. पोट कोणाला चुकलं आहे? भाऊसाहेबांच्या निवडणुकीच्या पाट्या त्यानं रंगवल्या, अण्णासाहेबांच्याही. बंद खोलीत रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास भरून राहायचा, दादा खोकायचा. डॉक्टरांनी हे काम सोडा म्हणून सांगितलं. सोडून करणार काय होता? पाट्या झाल्या की संध्याकाळी तो मोडलेल्या काचा पुन्हा रंगवायचा. एकेक करून त्यानं ते सगळं गाव परत उभं केलं, ताटाची काच आणि शेवटची काचसुद्धा. छाती मात्र परत उभी राहिली नाही. ज्यांनी त्याला त्या खोलीत नेऊन बसवलं तेच खुर्च्यांवर बसून त्याला भोळा म्हणतात. भोळा!

गेल्या आठवड्यात मी वहिनींकडे, जठारपेठेतल्या त्याच खोलीत गेले, तेव्हा एका जीपमधून दोन माणसं आली. एक भाऊसाहेबांचा, एक अण्णासाहेबांचा. आता दोन्ही गट एक झाले आहेत, पुढची निवडणूक मिळून लढवणार आहेत. नव्या सभागृहात मास्तरांच्या काचांचा कार्यक्रम करायचा म्हणाले. काचा नीट सीध्या घालू म्हणाले. तेवढी ताटाची आणि ती शेवटची मात्र नको म्हणाले. वहिनींनी त्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पडद्यामागं जागा हाये काय?"

"पडदा भिंतीले राहीन, वहिनी. मांगं कुठून जागा?"

"मंग नाही जमत."

"अवो, मास्तरचं नाव होईन!"

"नाव हाये त्याईचं," वहिनी म्हणाल्या. "तुमाले वाचता नाही आलं."

जीप गेली. त्या खोलीच्या मधोमध दादाचं जुनं धोतर अजून ताणलेलं आहे. त्याच्या मागे एक लाकडी स्टूल आहे. प्रत्येक काच रंगवून झाली की दादा मागे जाऊन त्या स्टुलावर बसायचा आणि वहिनींना कंदील लावायला सांगायचा. पुढून त्यानं आपलं चित्र कधी तपासलंच नाही. मी जाऊन स्टुलावर बसले. वहिनींनी धोतरावर पाणी मारलं, कंदील लावला, शेवटची काच घातली. काळ्या मातीत टेकलेला पाय माझ्यासमोर आला आणि वर त्याची ती ठसठशीत, सरळ अक्षरं.

"खुर्च्या उचलून ठेवू काय?" पलीकडून वहिनींनी विचारलं. त्या दोघांसाठी मांडलेल्या खुर्च्या अजून पडद्याच्या पुढे तशाच होत्या. मी म्हटलं, "नको, वहिनी. इकडं आणू." आम्ही दोघींनी त्या उचलल्या आणि पडद्यामागे, दादाच्या स्टुलाशेजारी ठेवल्या. भाऊसाहेबांनी यावं, अण्णासाहेबांनी यावं. इथून काच सरळ दिसते.